चमचाभर

छत्तीस वर्षं मी पिंपरीला बुरशी पाळली.
स्टीलच्या टाक्या, दोन मजली उंच,
आत घुसळणारं मळकट पाणी,
आणि दर अर्ध्या तासाला माझी सही,
तापमान, आम्लता, हवा, फेस.
एखादी बॅच नासली की
पहाटेच्या कंपनीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही,
घरात मयत झाल्यासारखं.

आणि तरी
मंदा धाकटीच्या बाळंतपणाला इंदूरला गेली
तेव्हा मागे ठेवलेलं वाटीभर विरजण
मला आठ दिवस जगवता आलं नाही.

खाऊन टाकलं. खोटं कशाला बोलू.
रात्री साडेअकराला, भातावर, उभ्याउभ्याच,
वाटी पुसून, बोट चाटून.
सकाळी दूध कोमट केलं
आणि चमचा हातात घेऊन
फ्रीजच्या उजेडात तसाच उभा राहिलो.

त्यातच टायफॉइड.
चौदा दिवस गोळ्या. जंतू गेले,
त्यांच्याबरोबर बाकीचेही गेले असावेत.
भाडेकरू निघून गेलेल्या चाळीसारखं
पोटात काहीतरी रिकामं वाजत राहायचं.
डॉक्टर म्हणाले, ताक प्या. घरचं.
जन्मभर ज्या औषधाची पिंपं भरली
त्याच्याच भावकीनं घर धुऊन नेलं,
तक्रार कुठल्या खिडकीवर करायची?

डेअरीचं दही आणलं, डब्यातलं.
खायला गोड,
पण त्याचं विरजण लावलं की तार सुटायची,
चमच्याबरोबर लांबत वर यायची.

बिबवेवाडीत, आमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर
तांबोळींची बेल वाजवली तेव्हा दिवेलागण झाली होती.
ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात,
मी खरोखरच वाटी पाठीमागे धरली होती.
टँकरचं बोललो. जिन्यातल्या बल्बचं बोललो.
शकीलाबाई म्हणाल्या, "वाटी दिसतेय."
मग म्हणाल्या, "सांजेला विरजण देत नाहीत आमच्यात."
"आमच्यातही नाही."
आत गेल्या. चमचाभर दही घातलं,
वर देठासकट एक हिरवी मिरची ठेवली.
"आता हे विरजण नाही. तोंडीलावणं आहे."

डिसेंबर. पुण्याची थंडी फरशीतून वर येते.
पहिली रात्र, पिठाच्या डब्यात. नुसतं पाणी.
दुसरी, मंदाच्या शालीत. थोडी हालचाल.
तिसरी, टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सवर,
जो रात्रभर कोमट असतो, कशासाठी देव जाणे.
जुन्या सवयीनं वहीत लिहीत होतो.
चौथ्या पहाटे वाटी कलती केली
आणि दही जागचं हललं नाही.
तारीख घातली. सही केली.

काय असतं त्यात, मला ठाऊक आहे.
काचेखाली धरलं तर काड्या, मण्यांच्या माळा.
पण तांबोळींकडे ते आलं कुठून?
बारामतीहून, नणंदेकडून.
नणंदेला शेजारच्या काळोख्यांनी दिलेलं,
काळोख्यांना कुणी, ते काही माहीत नाही.
आमची एकही टाकी
सलग इतकी चालली नाही.

फेब्रुवारीत मंदा आली.
ताकाचा घोट घेऊन थांबली.
"कुणाकडचं?"
सांगितलं.
"आपलं जास्त आंबट होतं," म्हणाली,
आणि बॅगेतून, दोन पिशव्यांत गुंडाळलेली,
लेकीकडची छोटी डबी काढली.
लग्नात पाठवणीबरोबर गेलेलं
आमचंच, इंदुरात राहून आलेलं.

रात्री ओट्यावर शेजारीशेजारी दोन वाट्या.
सकाळी कुठली कुणाची, मला ओळखता येईना.
मी वही शोधत होतो.
तिनं एकेकीचा वास घेतला,
काही बोलली नाही,
दोन्ही एकाच पातेल्यात पालथ्या केल्या,
रवी लावली.
"जरा पाणी ओता," म्हणाली, "घट्ट झालंय."